आरव्ही घेऊन आय-90 वर: मक्याचा महाल, हिरवा राक्षस आणि पाच सेंटची कॉफी

मे महिना आला की इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ठरलेला प्रश्न येतो, यंदा आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची का, आणि दहा मिनिटांत कुणीतरी प्लॅन टाकून मोकळं होतं की मिनियापोलिस, माउंट रशमोर, यलोस्टोन, ग्रँड टीटन आणि परत, सगळं आठ दिवसांत. कारने जमेलही कदाचित. आरव्हीने असला प्लॅन केलात तर आठ दिवस फक्त गाडी चालवाल, मागे भांडी वाजत राहतील आणि मुलं विचारत राहतील की अजून किती वेळ.

आरव्ही हळू चालते, पार्क करायला वेळ घेते आणि पोचल्यावर वीजपाणी जोडायला अर्धा तास जातो. म्हणून आरव्हीवाल्या लोकांमध्ये थ्री-थ्री-थ्री म्हणून नियम चालतो, दिवसाला 300 मैलांच्या वर नाही, दुपारी 3 पर्यंत मुक्कामी, आणि एका जागी 3 रात्री. तीन रात्रींचं आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबात बसत नाही ते सोडा, पण पहिले दोन पाळा. आता 300 मैलच जायचं तर वाटेत काय करायचं? तर वाटेत जे अचाट प्रकार बांधून ठेवलेत ते बघायचे, आणि त्यासाठी मिनेसोटा-साउथ डकोटातल्या आय-90 हायवेसारखा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. मोठमोठे पुतळे, मक्याने मढवलेली इमारत, फुकट बर्फाच्या पाण्यावर उभं राहिलेलं दुकान, आणि मधेच खरोखरचा अणुक्षेपणास्त्राचा सायलो, म्हणजे ते ठेवायची जमिनीतली विहीर. बहुतेक ठिकाणं फुकट, आणि हे सगळं जाणाऱ्या गाड्या थांबवायलाच बांधलेलं असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पार्किंग ऐसपैस, जे आरव्हीवाल्याला सगळ्यात महत्त्वाचं.

गाडी कोणती घ्यायची

तीन प्रकार असतात. क्लास ए म्हणजे अख्खी बसच, पहिल्यांदा जाणाऱ्याने नादी लागू नये. क्लास बी म्हणजे व्हॅन, दोघांना छान, पण सोबत आईबाबा आणि मुलं असतील तर एकमेकांच्या अंगावर. मधली क्लास सी, जिच्या केबिनच्या वर एक बेड पुढे आलेला असतो, ती आपली. 25 फुटांच्या आसपासची घ्या, चारजण नीट झोपतात, पाचवा जरा दाटीवाटीने. वेबसाइटवर लिहिलेलं असतं की सहा-सात जण झोपतात, पण त्यात जेवायचं टेबल पाडून केलेला बेड धरलेला असतो आणि तो रोज रात्री करायचा आणि रोज सकाळी मोडायचा असतो, तेवढा उत्साह दुसऱ्या दिवशीपर्यंतच टिकतो. केबिनवरचा बेड मुलांना द्या, शिडी चढून जावं लागतं आणि वर बसताही येत नाही, साठीच्या माणसांचं ते काम नाही. आईबाबांना मागचा फिक्स बेड, तोही दोन बाजूंनी उतरता येणारा असेल तर उत्तम, फोटोत नीट बघून घ्या कारण कोपऱ्यातला बेड असला की भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं.

लायसन्स साधं कारचंच चालतं. क्रूझ अमेरिका, एल मॉन्टे अशा मोठ्या कंपन्या आहेत, नाहीतर आउटडोअर्सी आणि आरव्हीशेअरवर लोक आपापल्या गाड्या भाड्याने देतात, त्या जास्त सजवलेल्या असतात, भांडीकुंडी-चादरी बहुतेक वेळा त्यातच येतात, कंपनीकडे त्याचे वेगळे पैसे.

आता पैशांचं. वेबसाइटवर दिसतो तो रात्रीचा भाव म्हणजे फक्त सुरुवात. त्यावर मैलाचे पैसे वेगळे, जनरेटरच्या तासाचे वेगळे, साफसफाई, इन्शुरन्स, टॅक्स, आणि डिपॉझिट अडकतं ते निराळंच. मिनियापोलिस ते रॅपिड सिटी जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून 1400 मैल कुठे गेले नाहीत, आणि क्लास सी गॅलनला 8 ते 10 मैल देते, म्हणजे 140 ते 175 गॅलन गॅस, इकडे पेट्रोलला गॅस म्हणतात. हे गणित बुकिंगच्या आधी करा, बऱ्याचदा कळतं की कार आणि हॉटेल स्वस्त पडलं असतं. आरव्ही पैसे वाचवायला घ्यायचीच नसते, ती घ्यायची स्वतःचं संडास, स्वतःचं स्वयंपाकघर आणि वाटेल तिथे थांबायची मुभा यासाठी. इन्शुरन्सबाबत एक गोष्ट मात्र फोन करून विचाराच. आपली नेहमीची कारची पॉलिसी भाड्याच्या आरव्हीला बहुतेक वेळा लागू होत नाही, आणि क्रेडिट कार्डावर जे रेंटल कव्हर मिळतं त्यातून आरव्ही सहसा वगळलेली असते.

तारखा ठरवताना ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळा. रॅपिड सिटीच्या पुढे स्टर्जिस म्हणून गाव आहे, तिथे 1938 पासून मोटरसायकलींचा प्रचंड मेळा भरतो, लाखो लोक येतात, कॅम्पग्राउंडचे भाव कुठल्या कुठे जातात आणि गाडी लावायला साइट मिळत नाही ती नाहीच. जूनचा मध्य किंवा सरळ लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटल्यावर. जून-जुलैत गारा पडतात, साध्यासुध्या नाहीत, तर हवामानाचं अॅप फोनवर ठेवा, आणि टॉर्नेडोची वॉर्निंग आली तर आरव्हीत बसून राहायचं नाही, कॅम्पग्राउंडची पक्की बाथरूमची इमारत असते तिकडे पळायचं. चेक-इनलाच विचारून ठेवा की वादळात जायचं कुठे, त्यांना या प्रश्नाची सवय असते.

चालवताना

गाडी ताब्यात घेताना कंपनीचा मुलगा अर्धा तास भराभर सगळं सांगतो, त्यातलं पाव लक्षात राहतं. तेव्हा सरळ फोनवर व्हिडिओ काढा, त्याचं बोलणं, कोणता व्हॉल्व्ह कुठे, कोणतं बटण कशाचं, सगळं. आधीचे ओरखडे, छत, टायर, आतलं कार्पेट, त्याचेही फोटो.

मग गाडीची उंची एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. छतावरच्या एसीसकट साधारण 12 फूट भरते. मॅकडॉनल्ड्सचा ड्राइव्ह-थ्रू, बँकेचं छत, जुन्या पेट्रोल पंपाचं शेड, झाडाची आडवी फांदी, नुकसान यांनीच होतं, हायवेवर नाही. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, पंपाच्या खांबाला डावीकडून वाचवलं की उजवीकडून शेपूट लागते, म्हणून वळण उशिरा आणि मोठं घ्या. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं, आणि ज्याने चालवायचं त्याला आरशात दिसेल असं उभं राहायचं, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. साइट बुक करताना "पुल-थ्रू" मागा, म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, रिव्हर्सचा आणि नवराबायकोच्या भांडणाचा प्रश्नच मिटतो.

साउथ डकोटात आय-90 ला 80 ची स्पीड लिमिट आहे. ती तुमच्यासाठी नाही. 60-65 ला उजव्या लेनमधून जा, कारण तिकडे झाडं नाहीत, डोंगर नाहीत, आणि आडवा वारा सुटला की ही उभी भिंत एका बाजूला ढकलली जाते, शेजारून ट्रक गेला की आणखी. वारा फारच असेल तर पुढच्या एक्झिटला उतरून चहा करा. गाडी चालू असताना सगळे पट्टा लावून बसलेले पाहिजेत, मागे बेडवर लोळायचं नाही, फ्रिजमधून काही काढायला उठायचं नाही. मुलांची कार सीट लावायची असेल तर पुढे तोंड असलेल्या सीटवर लागते का हे बुकिंगच्या आधी विचारा, आडव्या सोफ्यावर ती लावत नाहीत. निघण्यापूर्वी एक फेरी मारायची, आत कपाटं लॉक, फ्रिजची कडी, शॉवरचं दार, खिडक्या, छताचे व्हेंट, बाहेर वायर काढली का, पाण्याचा पाइप काढला का, पायरी आत घेतली का. ही फेरी एकाच माणसाकडे द्या. दोघांकडे दिली की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने बघितलं.

वीज, पाणी आणि ते दुसरं

क्लास सीला बहुतेक 30 अँपचं कनेक्शन असतं. 30 गुणिले 120 व्होल्ट म्हणजे 3600 वॉट, बस. एसी साधारण दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह तेवढंच, इंडक्शन फुल ठेवलं की 1800. म्हणजे एसी चालू, इंडक्शनवर कुकर, आणि कुणीतरी मायक्रोवेव्ह लावला की खट्, ब्रेकर उडाला. एसी दहा मिनिटं बंद करून स्वयंपाक उरकायचा. हूकअप, म्हणजे साइटवरचं वीजपाण्याचं कनेक्शन, नसेल तर जनरेटर, तो गाडीच्याच टाकीतला गॅस पितो, आणि टाकी पावच्या खाली गेली की मुद्दामच बंद पडतो, म्हणजे गाडी चालू राहण्यापुरता गॅस उरावा. रात्री दहानंतर जनरेटर लावला तर शेजारचे येऊन दार वाजवतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

पाण्याच्या तीन टाक्या. ताजं पाणी, ग्रे म्हणजे बेसिन-शॉवरचं, आणि ब्लॅक म्हणजे संडासाची. हूकअप असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह मुक्कामी बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घन ते आत बसतं, त्याचा ढीग होतो, आणि त्यापुढचं मी लिहीत नाही. टाकी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. जाड ग्लोव्ह्ज घाला, पाइप आधी गाडीला घट्ट फिरवून बसवा, मग दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, ते हलू नये म्हणून त्यावर पाय किंवा दगड, मग आधी ब्लॅक उघडायचा. आवाज थांबला की बंद. मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. क्रम उलटा केला तर घाण पाइप तसाच उचलून ठेवावा लागतो. मग ब्लॅकमध्ये थोडं पाणी आणि केमिकलची पुडी टाकून पुढे. पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागतात आणि घरातला जो सगळ्यात जास्त नाक मुरडत असतो त्याच्याकडेच हे काम जातं, का ते माहीत नाही.

आपल्या सवयीचा एक भाग यात आहे. संडासात मग आणि पाणी वापरलं तर चालतं, काही बिघडत नाही, उलट पाणी जास्त गेलेलं चांगलंच, फक्त टाकी लवकर भरते एवढं धरून चाला. कागद मात्र आरव्हीचा पटकन विरघळणारा घ्या, आणि ओले वाइप्स टाकायचेच नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. गरम पाण्याची टाकी छोटी, सहाएक गॅलनची, दोन माणसांच्या अंघोळी झाल्या की तिसऱ्याने वाट बघायची. कॅम्पग्राउंडच्या शॉवरला जा, तिथे भरपूर पाणी असतं.

स्वयंपाकाचं थोडक्यात. फोडणी आत करू नका. छप्पर हाताला लागेल एवढी जागा, मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि हिंगाचा वास पडद्यांत आठवडाभर राहतो, परत करताना साफसफाईचे जादा पैसे लावले तर वाद घालायला तोंड नसतं. सिंगल बर्नर बुटेनची शेगडी घ्या आणि बाहेरच्या पिकनिक टेबलवर फोडणी, थालीपीठ, काय ते करा. घरून मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, फोडणीचं तयार केलेलं तेल एका बाटलीत. इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, साधारण हजार वॉट घेतो म्हणून इंडक्शनपेक्षा बरा, खिचडी लावून पुतळा बघायला जाता येतं. सू फॉल्स सोडलं की पुढे रॅपिड सिटीपर्यंत आपल्या वाणसामानाची आशा ठेवू नका, शाकाहारी माणसाला वाटेत चीज पिझ्झा आणि फ्राइज एवढंच हमखास.

आता वाट

मिनियापोलिसहून 169 नंबरचा हायवे धरून खाली या, ब्लू अर्थ नावाचं गाव लागतं, तिथे आय-90 लगत जॉली ग्रीन जायंट उभा आहे. डबाबंद मटार-मक्याच्या ब्रँडचा हिरवा राक्षस, 55 फूट उंच, पानांचा अंगरखा, कमरेवर हात. कमानीसारख्या त्याच्या पायांमधून खाली उभं राहून फोटो काढतात. हा 1979 पासून इथे आहे आणि का आहे ते ऐकण्यासारखं. त्याच्या आदल्या वर्षी मिनेसोटातल्या आय-90 चा शेवटचा तुकडा इथेच जोडला गेला, आणि त्या जागी काँक्रीटचा पट्टा सोनेरी रंगवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण गावाच्या लक्षात आलं की आता गाड्या गावात न शिरता बाहेरून सुसाट जाणार. मग इथल्या रेडिओ स्टेशनच्या मालकाने डोकं लढवलं की हायवेवरून दिसेल असं काहीतरी उभं करू. या अख्ख्या रस्त्यावर जे जे दिसेल त्याच्या मागे हीच धडपड आहे, फक्त कुणी मका वापरला आणि कुणी डायनासोर. शिकागो-विस्कॉन्सिनकडून येणाऱ्यांना याच्या आधी ऑस्टिन गावात स्पॅम म्युझियम लागतं, डब्यातल्या डुकराच्या मांसाचं म्युझियम, फुकट, शाकाहाऱ्यांनीही बघावं असं मजेशीर केलंय पण नमुन्याचा तुकडा पुढे आला तर नाही म्हणायची तयारी ठेवा.

सू फॉल्सच्या जवळपास पहिला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी एक्झिट 374 ला (हायवेवरून उतरायच्या फाट्याचा हा नंबर) पोर्टर स्कल्प्चर पार्क, जुन्या शेतीच्या लोखंडातून केलेली शिल्पं, आणि त्यात 60 फूट उंच बैलाचं मस्तक जे हायवेवरूनच दिसतं. त्याच्या पोटात शिरता येतं, म्हणजे डोक्यात, आत अंधार, वारा सुटला की सगळं लोखंड करकरतं. याला तिकीट आहे, आणि उन्हाळ्यातच उघडं असतं.

मग एक्झिट 332, मिचेलचा कॉर्न पॅलेस. बाहेरून बघाल तर कांद्यासारखे घुमट आणि भिंतीवर मोठमोठी चित्रं, जवळ गेलात की कळतं ही चित्रं रंगवलेली नाहीत, मक्याची कणसं उभी चिरून खिळ्यांनी ठोकलेली आहेत. लाल, निळा, काळा, पांढरा, तपकिरी, जो रंग हवा त्या जातीचा मका वेगळा पिकवतात, आणि दरवर्षी सगळं काढून नवीन विषयाचं लावतात. पहिला पॅलेस 1892 सालचा, तेव्हा हेतू हा की लोकांना पटावं इथली जमीन पिकते, या आणि स्थायिक व्हा. आत्ताची इमारत 1921 ची. आत काय आहे? बास्केटबॉलचं कोर्ट. खरंच. बाहेर चिमण्या-कबुतरं अखंड दाणे टिपत असतात, जगातलं सगळ्यात मोठं पक्ष्यांचं ताट म्हणून लोक त्याची चेष्टा करतात. आईबाबांना इथे नक्की आणा, शेतीशी संबंध असलेला माणूस असेल तर तो कणसाच्या जातीवरून अर्धा तास हलत नाही. गावातल्या रस्त्यावर समोर पार्क करायचा हट्ट धरू नका, आरव्हीसाठी थोडं लांब मोठं पार्किंग आहे तिथे लावून चालत या.

पुढे चेंबरलेनला मिसुरी नदी आडवी येते, पुलाच्या आधी रेस्ट एरिया आहे तिथेच डिग्निटीचा पुतळा, 50 फूट उंच, 2016 सालचा, इथल्या मूळ रहिवासी लाकोटा-डकोटा जमातींची स्त्री, पाठीवर तारे-चौकटींची निळी गोधडी पसरलेली, आणि ते निळे तुकडे वाऱ्यात हलतात. हा मात्र गंमतीचा पुतळा नाही, आणि या अख्ख्या रस्त्यावरचं मला सगळ्यात सुंदर वाटलेलं ठिकाण हेच. नदीवरून ऊन उतरत असताना थांबा, रेस्ट एरियात आरव्हीला जागाही मोठी.

यानंतरचा पट्टा सपाट, आणि इथे पुढच्या वॉल गावातल्या दुकानाचे बोर्ड सुरू होतात. वॉल ड्रग, वॉल ड्रग, वॉल ड्रग. लाकडी, हाताने रंगवलेले, प्रत्येकावर काहीतरी वेगळं, फुकट बर्फाचं पाणी, 5 सेंटला कॉफी. मुलांना मोजायला लावा, तास-दीड तास शांतता मिळते. एक्झिट 170 ला जुन्या गावाचा सेट आहे आणि जवळच हायवेवरून एक माणसाचा सांगाडा डायनासोरच्या सांगाड्याला पट्टा लावून फिरायला नेताना दिसतो, त्यासाठी थांबायची गरज नाही पण ड्रायव्हरशेजारच्याने कॅमेरा तयार ठेवावा. याच सुमारास घड्याळ एक तास मागे जातं, सेंट्रल टाइमचा माउंटन टाइम होतो, त्यामुळे दुपारी तीनला पोचायचा नियम पाळणं सोपं होतं, येताना मात्र तो तास परत द्यावा लागतो, कॅम्पग्राउंडचं चेक-इन त्याप्रमाणे धरा.

एक्झिट 131 ला मिनिटमन मिसाइलचं व्हिजिटर सेंटर. शीतयुद्धात या गवताळ रानात जमिनीखाली अण्वस्त्रं पेरून ठेवली होती, वर शेतकरी गुरं चारत होते. 116 ला उतरलात तर डेल्टा-09 सायलो, वर काच बसवलेली, आत वाकून बघितलं की क्षेपणास्त्र उभं दिसतं. नियंत्रणाची खोली, डेल्टा-01, बघायची तर टूर आधी बुक करावी लागते, माणसं अगदी थोडी घेतात. तिथल्या अजस्र दारावर तिथे ड्यूटी करणाऱ्या सैनिकांनी पिझ्झाच्या डब्याचं चित्र रंगवलंय आणि जगभर तीस मिनिटांत डिलिव्हरी, नाहीतर पुढचा फुकट, असं लिहिलंय. हसू येतं, आणि मग येत नाही. 131 लाच बारा फुटी काँक्रीटचा प्रेअरी डॉग (खारीच्या जातीचा, बिळात राहणारा प्राणी) असलेलं दुकान आहे, मागच्या मैदानात खरे प्रेअरी डॉग बिळांतून माना काढतात. दिसायला गोड, पण त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो, हात लावायचा नाही.

याच एक्झिटला आय-90 सोडा, 240 नंबरचा, बॅडलँड्स नॅशनल पार्कातून जाणारा रस्ता धरा, तो फिरवून 110 ला वॉलमध्ये आणून सोडतो. तीसेक मैलांचा आहे, आरव्हीला चालतो, गाडीमागे 30 डॉलर आणि पावती सात दिवस चालते. आतल्या सीडर पास कॅम्पग्राउंडमध्ये काही साइटना वीज मिळते, सूर्यास्त बाहेर खुर्ची टाकून बघायचा असेल तर महिनोन् महिने आधी बुक करा. वॉलजवळ सरकारी गवताळ जमिनीवर कड्याच्या काठाशी फुकट मुक्कामही करता येतो, ना वीज ना पाणी, टाक्या भरून-रिकाम्या करून जायचं, आणि पाऊस झाला असेल तर मुळीच जायचं नाही, तिथली माती ओली झाली की चाकाला लापशीसारखी चिकटते.

आणि वॉल ड्रग. 1931 मध्ये हस्टेड नावाच्या जोडप्याने हे औषधाचं दुकान घेतलं, गाव एवढंसं, मंदीचे दिवस, पाच वर्षं माशा मारल्या. 1936 च्या उन्हाळ्यात बाईंच्या डोक्यात आलं की समोरच्या रस्त्यावरून एवढ्या गाड्या तापून जातात, त्यांना आपण फुकट बर्फाचं पाणी का देऊ नये. बोर्ड लावले, गाड्या वळल्या. आज गावात हजारभरही लोक नाहीत आणि दुकान अख्खा ब्लॉक व्यापून आहे, आत बूट, डोनट, रेस्टॉरंट, चॅपल, मागच्या चौकात दर काही मिनिटांनी डरकाळी फोडणारा टी-रेक्स, शिंगं असलेल्या सशाच्या पुतळ्यावर मुलं बसतात, आणि हायवेलगत 80 फुटी हिरवा डायनासोर. औषधंही मिळतात अजून. कॉफी खरंच 5 सेंट, पेटीत नाणं टाकायचं, आणि पाणी अजूनही फुकट. विकत घेण्यासारखं मला तिथे डोनटपलीकडे काही वाटत नाही, पण दोन तास सहज जातात. मागच्या बाजूला मोठ्या गाड्यांचं पार्किंग आहे.

ब्लॅक हिल्समध्ये गाडी कुठे न्यायची नाही

ब्लॅक हिल्स म्हणजे रॅपिड सिटीलगतचे डोंगर, तिथे रॅपिड सिटी किंवा कस्टरजवळ दोनतीन रात्रींचा तळ टाका. माउंट रशमोरबद्दल मी काय सांगणार, 1927 ते 1941 खोदकाम चाललं, डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे 60 फुटी चेहरे, प्रवेश फुकट, पार्किंगला पैसे, आरव्हीला जागा आहे, सकाळी नऊच्या आत जा. कस्टर स्टेट पार्कचा वाइल्डलाइफ लूप 18 मैलांचा, तो आरव्हीने आरामात होतो, बायसन रस्त्यात येऊन उभे राहतात आणि गाढवं खिडकीत तोंड घालतात. पण त्याच पार्कात नीडल्स हायवे आहे, त्यातला नीडल्स आय बोगदा सुमारे 8 फूट रुंद. तुमची गाडी आरशांशिवायच त्याहून रुंद. आयर्न माउंटन रोडवरही अरुंद बोगदे आणि गोल फिरणारे लाकडी पूल. जीपीएसला हे कळत नाही, तो बिनदिक्कत तिकडे नेतो, म्हणून त्या दिवसापुरती रॅपिड सिटीतून छोटी कार भाड्याने घ्या, हे दोन रस्ते चुकवण्यासारखे नाहीत.

एक दिवस हाताशी असेल तर दक्षिणेला नेब्रास्कात अलायन्सपर्यंत साधारण तीन तासांची वाट, तिथे कारहेंज. इंग्लंडच्या स्टोनहेंजची हुबेहूब रचना पण दगडांऐवजी 39 जुन्या गाड्या, काही नाकावर उभ्या, काही वर आडव्या, सगळ्या राखाडी रंगवलेल्या. एका इंजिनिअरने 1987 मध्ये वडिलांच्या आठवणीसाठी नातेवाइकांना जमवून त्यांच्याच शेतावर उभं केलं, गावाने आधी नाकं मुरडली आणि मग तेच गावाचं नाव झालं. फुकट आहे, उघड्या माळावर आहे, सावलीचं नाव नाही, टोप्या आणि पाणी गाडीतून घेऊन उतरा. बॅडलँड्स नीट बघायचं राहिलं असेल तर मात्र हे सोडा, तो दिवस तिकडे द्या.

गाडी परत द्यायच्या आदल्या रात्री शहराच्या जवळच्या कॅम्पग्राउंडमध्ये थांबा, सकाळी निवांत दोन्ही टाक्या रिकाम्या करा, आत झाडून घ्या, फ्रिज पुसा, गॅस आणि प्रोपेन घेतली होती त्या रेषेपर्यंत भरा, आणि प्रोपेन भरायची वेळ सगळीकडे दिवसभर नसते हे आदल्या दिवशीच बघून ठेवा. जनरेटरच्या मीटरचा आणि मैलांच्या आकड्याचा फोटो काढा, तो घेतानाच्या फोटोशेजारी दाखवा, आणि डिपॉझिट कधी सुटणार ते लेखी घेतल्याशिवाय चावी देऊ नका.